सात सकाळींची पैज

झिनात एजे, म्हणजे झिनातताई, लोकर हातात घेण्याआधी हुंगायची. नवीन माणूस भेटला की त्यालाही हुंगायची, पण जरा लांबून. बोट चाटून वाऱ्यात धरायची आणि मग ते शेजारी उभ्या असलेल्याच्या बाहीला पुसायची. घोडीला शिव्या रशियनमध्ये घालायची, माया किर्गिझमध्ये करायची. "कशी आहेस?" असं कुणी विचारलं तर "बासष्ट टक्के" म्हणायची. तो हवेतल्या ओलाव्याचा आकडा असायचा. आवडत्या पाहुण्याला चहाची वाटी अर्धीच भरून द्यायची, म्हणजे तो पुन्हा मागेल. नावडत्याला काठोकाठ. कोटाच्या दोन्ही खिशांत झाडाची सुकी बोंडं.

आणि जांभया. बेरमेतनं एक दिवस बसून मोजल्या. एकेचाळीस.

बेरमेत तेवीस वर्षांची. राजधानीतून साहित्याची पदवी घेऊन जूनमध्ये कारागाय-बुलाकच्या उन्हाळी कुरणावर आली होती आणि एजेच्या तंबूत उतरली होती. तिला कोशोक गोळा करायचे होते. घरातलं माणूस गेलं की बायका तंबूच्या जाळीच्या भिंतीकडे तोंड करून बसतात आणि गेलेल्याचं आयुष्य जागच्या जागी रचून, रडत गातात. तो कोशोक. बेरमेतनं त्यासाठी जाड पुठ्ठ्याची नवी वही आणली होती. तीन आठवडे झाले तरी वही नवीच होती. मेलेलं माणूस समोर नसताना कोशोक म्हणणं म्हणजे मरणाला घरचा पत्ता देणं, असं तिथं सगळेच मानत.

तिनं आसिलकान आपालाही विचारून पाहिलं. आपा म्हणजे एजेची सासू. वय चौऱ्याऐंशी, दात चार, कान शाबूत.

"कुणाला मारायचंय तुला?" आपा म्हणाली.

"कुणालाच नाही, आपा. नुसत्या दोन ओळी. नमुना म्हणून."

"मग आधी तू नमुना म्हणून मर. मी गाते."

एजे कोपऱ्यात हसली आणि लगेच जांभई दिली.

जांभयांचं कारण डोक्यावर होतं. नमद्याच्या, म्हणजे दाबून केलेल्या लोकरीच्या, तंबूच्या माथ्यावर लाकडाचं गोल कडं असतं, तुंदुक. धूर तिथून बाहेर जातो, उजेड तिथून आत येतो. संध्याकाळी त्यावर नमदा ओढायचा, पहाटे दोर ओढून बाजूला करायचा. हे काम सुनेचं. ज्या घराचं तुंदुक उशिरा उघडतं, त्या घरची सून आळशी. ज्या घराचं तुंदुक उन्हं वर आली तरी बंदच असतं, त्या घरात कुणीतरी गेलं. कुरणावरचे लोक सकाळी उठले की आधी आभाळ बघत नाहीत, एकमेकांची तुंदुकं बघतात.

एजे बावन्न वर्षांची होती. तिची मुलगी सासरी गेली होती, मुलगा परदेशात होता. नवरा गवत कापायला खालच्या गावात. पण आपा होती, म्हणून एजे अजून सूनच होती. तीस वर्षं तिनं तांबडं फुटायच्या आत दोर ओढला होता.

"एक दिवस तुम्ही नाही उघडलं तर?" बेरमेतनं विचारलं.

"एकदा नाही उघडलं. ताप होता. आपा अजून सांगते."

"कधीची गोष्ट?"

"माझी लेक पाच महिन्यांची होती." लेकीला आता दोन मुलं होती.

एजे पूर्वी हवामान चौकीवर निरीक्षक होती. तिथल्या एका यंत्रात माणसाचा केस ताणून बसवलेला असे. हवा ओली झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि त्याला जोडलेला काटा हलतो. एकदा केस तुटला. राजधानीतून नवा यायला दोन महिने लागले असते. एजेनं आपाच्या फणीतून एक काढला आणि बसवला.

"चालला?"

"उत्तम चालला. सासूचा केस. ओलं बोललं की सैल, कोरडं बोललं की आखडला."

दोन वर्षांपूर्वी चौकीत आपोआप नोंदी घेणारा खांब उभा राहिला आणि एजेला घरी पाठवलं. तिला करमेना. जंगलाच्या कडेला पडलेली स्प्रूसची, म्हणजे तिथल्या सूचिपर्णी झाडाची, बोंडं ती टोपलीत भरून आणायची, चुलीसाठी. एका पावसाळी दुपारी तिनं पाहिलं, की टोपली अर्धी रिकामी दिसतेय. बोंडं तेवढीच होती. त्यांनी आपापल्या पाकळ्या मिटून घेतल्या होत्या. ऊन पडलं, आणि टोपली पुन्हा भरली.

बोंड झाडावरून कधीच तुटलेलं. मेलेलं लाकूड. तरी उघडतंय, मिटतंय.

"मग मी कशाला उठू?" एजे स्वतःशी म्हणाली. हा तिच्या शोधाचा सगळा इतिहास.

लाकूड पाणी प्यायलं की आडवं फुगतं, उभं फुगत नाही. एजेनं सुताराकडून स्प्रूसच्या कागदासारख्या पातळ चकत्या काढून घेतल्या. एकीच्या रेषा उभ्या, दुसरीच्या आडव्या, अशा एकावर एक चिकटवल्या. ओलावा लागला की एक फुगायची, दुसरी जागची हलायची नाही, आणि त्या ओढाताणीत पट्टी वाकायची.

"सासू-सून एका तंबूत," एजे म्हणाली. "एक फुगली की वाकावं दोघींना लागतं."

"मी ऐकतेय," आपा पलीकडून म्हणाली.

"तुमचंच चाललंय, आपा."

सात महिने गेले. सरस पाण्यात सुटायचा, म्हणून होडी जोडायचा गोंद बाजारातून आणला. पट्ट्या एकदा उलट्या बसल्या, तेव्हा पावसात तुंदुक उघडलं आणि पिठाची गोणी भिजली. शेवटी बत्तीस पट्ट्यांची झडप तयार झाली. बोंडाच्या पाकळ्यांसारख्या एकीवर एक. दव पडलं की पट्ट्या आडव्या होऊन मिटायच्या. ऊन लागलं की सुकून वर वळायच्या. दोर नाही, वीज नाही, सून नाही.

दोन पट्ट्या नमद्यात गुंडाळून एजेनं राजधानीतल्या एका संस्थेला पाठवल्या. तिथं झाडापानांकडे बघून आपोआप हलणाऱ्या वस्तू बनवायचा खटाटोप चालायचा. त्यांचं पत्र आलं. ते पत्र एजे खिशात बोंडांबरोबर ठेवायची. 'ऑगस्टअखेर प्रत्यक्ष पाहायला येतो. झडप जशी आहे तशी ठेवा.'

आपानं पत्र वाचून घेतलं आणि म्हणाली, "माझ्या घराचं तोंड लाकूड उघडणार? आणि सून लोळणार?"

"सून झोपणार, आपा. लोळणं वेगळं."

"स्प्रूस छान जळतं."

मग पैज लागली. अटी आपाच्या. सात सकाळी झडपेनं आपलं आपण उघडायचं. उन्हं शिंगरं बांधायच्या दोरीला लागायच्या आत. तोवर कुणी अंथरुणातून उठायचं नाही, दार उघडायचं नाही, कशाला हात लावायचा नाही. सातही दिवस जमलं तर एजेनं हवं तेव्हा उठावं, आपा मरेपर्यंत एक शब्द काढणार नाही.

"एकही शब्द?" एजेनं विचारलं.

"त्याबद्दल."

आणि एक जरी सकाळ चुकली, तर बत्तीसच्या बत्तीस पट्ट्या चुलीत.

पहिल्या सकाळी बेरमेत अंथरुणात पडून वर बघत होती. आधी काळोख. मग एक पट्टी हलकेच वर झाली, जशी भुवई होते. मग दुसरी. उजेडाची एक तिरीप एजेच्या तोंडावर पडली. एजे घोरत होती. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"घोरते बघ," आपा पुटपुटली. "इतकी वर्षं लपवलं."

दुसरी, तिसरी, चौथी सकाळ. पाचव्या दिवशी एजेच्या जांभया नऊवर आल्या. सहाव्या दिवशी तीन. शेजारचा सातीकुल, सत्तरीचा म्हातारा, आपाच्या नवऱ्याचा जुना दोस्त, घोड्यावरून जाता जाता म्हणाला, "वहिनी, सून हल्ली जरा उशिरा उठते वाटतं?"

"सून उठतच नाही," आपा म्हणाली. "माझ्याकडे आता लाकडं नोकरीला आहेत." आणि खोकली. गेले चार दिवस ती खोकत होती. सातीकुलच्या बायकोनं तिला मेंढीची चरबी घातलेला चहा पाठवला होता.

सहाव्या दिवशी संध्याकाळी एजे घोड्यांचं शेवटचं दूध काढायला गेली. बेरमेत दारात वाळत घातलेले कुरुत, दह्याचे गोळे, गोळा करत होती. आपा तंबूमागून आली. पाठीला मेंढ्यांवर औषध मारायचा पितळी पंप.

"द्या, मी धरते, आपा."

"नको. एका कोकराला खरूज झालीय. मारते जरासं."

"कोकरू कुठंय?"

"आत."

बेरमेतला कोकरांतलं काही कळत नव्हतं. तिनं मान हलवली. आतून बराच वेळ फुस्स, फुस्स असा आवाज येत राहिला. एजे परतली तेव्हा आपानं तिलाही खरजेचंच सांगितलं.

सातव्या सकाळी बेरमेतला जाग आली तेव्हा काळोख होता. तिनं डोळे मिटले, उघडले. काळोखच. पण बाहेर शिंगरं ओरडत होती, आणि त्यांचा आवाज पहाटेचा नव्हता, भुकेचा होता. नमद्याच्या शिवणीतून उन्हाची एक सुई आत आली होती. झडप घट्ट मिटलेली.

एजे उठून बसली होती. वर बघत होती. खिशातलं पत्र हातात होतं.

"एजे," बेरमेत कुजबुजली, "दार उघडू?"

"अट आहे."

आपा आपल्या अंथरुणात उताणी. डोळे मिटलेले. हालचाल नाही.

आणि तेवढ्यात लांबून घोड्याच्या टापा आल्या, आणि टापांबरोबर माणसाचा आवाज. मोठा, फाटलेला.

"वहिनी गं! माझी वहिनी गं!"

बेरमेतच्या अंगावर काटा आला. तिनं हे पुस्तकात वाचलं होतं. मयताच्या घरी पुरुष विचारायला येत नाहीत, रडत येतात. आधी रडायचं, मग विचारायचं. उलटं केलं तर तो माणूस परका. सातीकुलनं सकाळी आपल्या दारातून बघितलं असणार. तुंदुक बंद, दार बंद, चुलीचा धूर नाही, घोड्यांचं दूध काढलेलं नाही. आणि आत खोकणारी म्हातारी. त्यानं घोड्यावर उडी टाकली. त्याचं रडणं ऐकून पुढच्या तंबूतले दोघं रडत निघाले. त्यांचं ऐकून त्यापुढचे. कुणीच कुणाला काही विचारलं नाही. विचारणार कोण?

काठ्यांवर वाकून माणसं तंबूबाहेर उभी राहिली. नमदा हलायला लागला.

एजेनं आपाकडे पाहिलं. मग गुडघ्यांवर सरकत गेली. तिचा चेहरा पांढरा पडला होता. तो चेहरा बेरमेत पुढं कधी विसरली नाही. पैज, पट्ट्या, पत्र, सगळं त्यावरून पुसलं गेलं होतं. पत्र तर खाली पडलं होतं.

"आपा," एजे म्हणाली. "आपा, ऐका ना."

एजेनं आपाचा हात धरला, बाही गालाला लावली. आणि सवयीनं हुंगली.

मग पुन्हा एकदा हुंगली.

मग तिनं हात हळूच खाली ठेवला. डोक्यावरचा रुमाल सारखा केला. जाळीच्या भिंतीकडे तोंड करून, कमरेवर हात ठेवून बसली. बेरमेतला रडू फुटलं. एजेनं खर्जातला लांब सूर लावला. बाहेरचे गप्प झाले. घरच्या सुनेचा कोशोक सुरू झाला की बाकीच्यांनी ऐकायचं असतं.

*पहाटेच्याही आधी उठवलंत, माय,*
*तारा मावळेना तोच हलवलंत, माय,*
*तीस वर्षं झोप माझी जपलीत, माय,*
*कुठं जपून ठेवलीत, सांगितलं नाही, माय!*

बाहेर बायका हुंदक्यांनी दाद देत होत्या. बेरमेतनं रडत रडत उशाखालची वही ओढली. आयुष्यात पहिला खरा कोशोक. डोळ्यांतलं पाणी कागदावर पडत होतं, तरी ती लिहीत होती. एजेनं श्वास घेतला.

*आजारी कोकराला जपलंत, माय,*
*औषधाचा पंप पाठीला बांधलात, माय,*
*कोकरू तर दाराशी ठणठणीत, माय,*
*तुंदुकाला खरूज कधी झाली, माय?*

बेरमेतची पेन्सिल थांबली.

तिनं वळून आपाकडे पाहिलं. आपा निश्चल. पण गोधडीच्या टोकाला उजव्या पायाचा अंगठा होता, आणि तो रागानं वळत होता. अगदी पट्टीसारखा.

बाहेरच्यांना काही कळलं नव्हतं. कुणीतरी हळहळलं, "सून शोकानं भरकटलीय बिचारी."

बेरमेतनं तोंडात रुमाल कोंबला. आपा उठेना. तिला ऐकायचं होतं. चौऱ्याऐंशी वर्षांत कुणाला स्वतःचा कोशोक ऐकायला मिळतो? एजेला ते कळलं असावं. तिनं पुढचा सूर लावला, आणि तो आधीच्या दोन्हींसारखा नव्हता.

*पहिल्या हिवाळी मी परक्या घरची, माय,*
*पाय माझे बर्फाळले, काखेत धरलेत, माय…*

अंगठा थांबला.

आणि नेमकं तेव्हाच बाहेर सातीकुलचा बांध फुटला. नमद्याला कपाळ टेकून तो ओरडला, "वहिनी गं! आता लपवून काय करू गं! तुझा तो काळा मेंढा लांडग्यानं नेला नव्हता गं! तो लांडगा मीच गं! मीच खाल्ला, माझ्या पोराच्या बारशाला!"

"सातीकुल!"

आपा ताडकन बसली होती.

एकानं बिस्मिल्ला म्हटलं. एक घोडा दोर तोडून पळाला.

"म्हणजे ती पावलं?" आपा नमद्याला उद्देशून कडाडली. "बर्फातली लांडग्याची पावलं तू मला दाखवलीस ना रे, चोरा?"

"ती मी बोटांनी काढली, वहिनी," बाहेरून बारीक आवाज आला. मग जरा थांबून, "तू मेलेली नाहीस का?"

"मेले असते तर मला काय कळलं ते तुला कळलंच नसतं!"

दार उघडलं. पंधरा-वीस माणसं आत घुसली. कुणी रडत, कुणी हसत, एकजण आपाचा गाल चिमटून बघत. आपानं त्याच्या हातावर चापट मारली आणि सगळ्यांच्या साक्षीनं बोट वर केलं.

"आधी हे बघा. उन्हं शिंगरांच्या दोरीच्या पुढं गेली. झडप बंद. सून हरली. चूल पेटवा."

"तुम्ही पाणी मारलंत, आपा," एजे म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"तुमची बाही म्हणते. मेंढ्यांच्या औषधाचा वास येतोय."

"म्हातारीला वास येतो, असं लोकांसमोर बोलतेस? कुणी पाहिलं मला?"

बेरमेतनं मान खाली घातली. आपानं तिच्याकडे असं पाहिलं, की पाहिलेलं तिच्या तोंडून निघेना.

तेव्हा डोक्यावर करकर झालं. दार उघडलं होतं, वारा आत खेळत होता, आणि ऊन आता थेट माथ्यावर आलं होतं. सगळ्यांनी वर पाहिलं. एक पट्टी थरथरली आणि वर झाली. मग तिच्या शेजारची. मग एकामागून एक बत्तीसही, घाई न करता, अंग मोडत उठावं तशा. उजेडाचा गोल खाली उतरला, चुलीवर आला, सरकला, आणि आपाच्या उशामागं रचलेल्या गोधड्यांच्या फटीत जाऊन थांबला.

तिथं पितळी पंप लखलखत होता.

आपानं पंपाकडे पाहिलं, झडपेकडे पाहिलं.

"लाकूडसुद्धा चुगलखोर केलंस," ती म्हणाली.

त्या दिवशी सातीकुलनं आपला मेंढा आणून कापला. एजेनं सगळ्यांना चहा दिला. सातीकुलची वाटी काठोकाठ भरली. आपा म्हणाली, "अर्धी दे त्याला. रडला मात्र मनापासून."

आठव्या सकाळी बेरमेतला लवकर जाग आली. एजे जागीच होती. अंधारात डोळे उघडे ठेवून वर बघत पडली होती.

"झोपा की, एजे. जिंकलात."

"झोप येत नाही. सवय." मग जरा वेळानं, "पहिली पट्टी कुठली उघडते, ते बघायचंय."

ऑगस्टच्या शेवटी संस्थेची दोन माणसं आली. त्यातल्या बाईनं झडपेवर बारीक फवारा मारून बघितला, तेव्हा आपा म्हणाली, "असा नाही. मी दाखवते." आणि पंप आणला. त्यांच्याकडे यंत्रानं कापलेल्या पट्ट्या होत्या. त्या वळायला दुप्पट वेळ घ्यायच्या. एजेनं त्यांची एक पट्टी हुंगली आणि सांगितलं की लाकूड भट्टीत वाळवलेलं आहे, म्हणून ते रुसलंय. सावलीत वाळवा. त्यांनी लिहून घेतलं. काचेच्या शेतघरांसाठी मोठी झडप करायची म्हणून तिला हिवाळाभर राजधानीत बोलावलं.

सप्टेंबरमध्ये सामान बांधताना आपा दारात बसली होती. बेरमेत नमदा गुंडाळत होती.

"सूनबाई."

"काय, आपा?"

"पाय काखेत धरले. पुढं काय?"

"कुठलं पुढं?"

"दोन ओळी राहिल्यात. पहिले दोन टोमणे पुरे म्हटलेस. चांगलं आलं तेव्हा त्या चोरानं मध्येच तोंड घातलं."

एजेनं पेटीचं झाकण लावलं. "सुचल्या नाहीत, आपा."

"बत्तीस पट्ट्या सुचल्या, दोन ओळी सुचत नाहीत?"

"बघते हिवाळ्यात."

"बघ. मी अर्ध्या कोशोकावर जाणार नाही. अब्रू आहे मला."

"हो, आपा," एजे म्हणाली. वळून कोटाच्या बाहीनं तिनं नाक पुसलं. या वेळी स्वतःच्याच.

हिवाळ्यात बेरमेत राजधानीत तिला भेटायला जायची. कामाच्या टेबलावर चकत्या, गोंद, बोंडं. बेरमेत वही उघडून पुढं ठेवायची. तिसऱ्या कडव्याच्या पहिल्या दोन ओळी, त्याखाली मोकळी जागा. एजे पेन्सिल घ्यायची, टोक करायची, कागद हुंगायची.

"अठ्ठावन्न टक्के," म्हणायची, आणि वही मिटून परत द्यायची.

आपाचा फोन दर रविवारी यायचा. "झालं का गं?"

"नाही, आपा. एक शब्द अडलाय."

"बरं. मी थांबते."